पायाशी बसलेली

१

दुखणं अंगवळणी पडतं, खाज पडत नाही, असं मास्तर म्हणायचे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत; तयार कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. उभा जन्म त्यांनी लांबलचक टेबलापाशी, हातात कात्री घेऊन उभ्याने काढला. निवृत्त होऊन खुर्चीला टेकले, तर डाव्या घोट्याच्या वर एक जखम उमटली. आधी शर्टाच्या बटणाएवढी, मग कोटाच्या बटणाएवढी आणि बघता बघता तळहाताएवढी. पायाच्या शिरा थकलेल्या, त्यात रक्तात साखर. जखम भरत यायची आणि पुन्हा उसवायची. अशी कित्येक वर्षं गेली.

"जन्मभर लोकांच्या विजारी कापल्या," मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आता माझाच पाय उसवलाय, आणि त्याला मेलं ठिगळ लागत नाही."

ठणका ते दात-ओठ खाऊन सोसत. खाजेपुढे मात्र हा ताठ कण्याचा माणूस लहान मूल होऊन जाई. खाज जखमेत नसायचीच, ती जखमेच्या कडेकडेने असायची. पट्टीच्या आत, ओलसर, सोलवटलेल्या कातडीत. खाजवलं तर कातडी फाटते, न खाजवलं तर जीव जातो. टेबलावरची लाकडी फूटपट्टी पट्टीच्या आत घालून ते खरवडायचे, आणि मग रक्त बघून स्वतःच घाबरायचे.

त्यावरचा उपाय त्यांच्या बायकोने शोधला. ती त्याच कारखान्यात काज-बटणं करायची, तिथेच दोघांचं जमलं होतं. दुपारची जेवणं झाली की ती पलंगाच्या पायथ्याशी बुटकं स्टूल ओढून बसे आणि पट्टीवरून सपाट तळहाताने थोपटत राही. "नख लावायचं नाही," ती म्हणे. "नखाला खाज भीत नाही. तिला तान्ह्या पोरासारखं निजवावं लागतं." थप, थप, थप. घरातली दुपार त्या आवाजावरच सरायची. थोपटता थोपटता मास्तर झोपत, आणि कधी कधी तिचाही डोळा लागे, हात मात्र चालूच.

मागच्या वर्षी ती गेली ती त्या स्टुलावरच. भर दुपारी, बसल्या बसल्या, हात नवऱ्याच्या पायावर तसाच ठेवून.

त्यानंतर सगळं लेकीवर आलं. लेक एकुलती एक. चाळिशी उलटून गेली तरी घरात ती बारकीच. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. तिचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायचे, नंबर काढायचे, भिंगं बसवून द्यायची. दुपारी दुकान बंद करून ती घरी येई, अप्पांना, म्हणजे मास्तरांना, जेवायला वाढे, पट्टी बदले, गोळ्या देई आणि परत जाई. अप्पांना उठून दार उघडायचा त्रास नको म्हणून जाताना बाहेरून कुलूप लावी.

अशाच एका दुपारी ती पट्टी सोडायला बसली आणि तिचा हात थबकला. आदल्या दिवशी तिने पट्टीचं टोक चिकटपट्टीने बसवलं होतं. आता तिथे चिकटपट्टी नव्हती. टोक आतल्या बाजूला दुमडून, त्यावर आणखी एक बारीक दुमड घालून, विजारीची तळपट्टी मोडावी तसं खोचलेलं होतं. चिकटपट्टीची गोळी करून ती खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली होती.

चिकटपट्टीने खाज वाढते म्हणून आई पट्टी अशीच खोचायची.

२

"अप्पा, कुणी आलं होतं का?"

"कुलूप तर तूच लावून गेली होतीस."

"मग पट्टी कुणी सोडली?"

"सुटली असेल."

"सुटली, आणि आपली आपण बांधलीही गेली?"

अप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "बारके, आज खाज नाही बघ," ते म्हणाले. "सकाळपासून नाही. कशाला विषय काढतेस?"

बारकीने विषय सोडला, पण डोकं गप्प बसेना. अप्पांची कंबर धरलेली. स्वतःच्या घोट्यापर्यंत त्यांचा हात पोचत नसे, म्हणून तर ती फूटपट्टी. किल्ली एकच, तीही तिच्या पर्समध्ये. मग तिने स्वतःलाच समजावलं, की आपणच अशी बांधली असणार. आईला इतकी वर्षं बघितलंय, हाताला वळण लागलं असेल. दुकानात हे रोजचंच होतं. तक्त्यावरची खालची ओळ दिसत नसताना माणसं ती घडाघडा वाचून दाखवायची, शपथेवर. डोळ्यांना जे वाचायचं असतं तेच ते वाचतात. हातांचंही तसंच असेल.

चार-आठ दिवस बरे गेले. मग एकदा ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. नळाच्या धारेखाली दुसराच एक आवाज असल्यासारखं वाटलं. तिने नळ बंद केला.

थप. थप. थप.

मध्येच खंड पडे, हात जरा सरकवून घ्यावा तेवढा. मग पुन्हा थप, थप. आवाज मऊ होता, कापडावरचा. पलीकडच्या खोलीतून येत होता. अप्पा मांडीवर ताल धरत असतील, तिने मनाशी म्हटलं. हात पुसले. उगीचच नीट, बोट न् बोट पुसलं. मग ती दारात जाऊन उभी राहिली.

अप्पा झोपलेले होते. तोंड किंचित उघडं, छातीवर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर दोन्ही हात. ती दारात पोचल्यावरही तो आवाज एकदा झाला. एकदाच. मग कुणाच्या तरी लक्षात यावं तसा थांबला.

पलंगाच्या पायथ्याशी स्टूल होतं. ते तिथे असतंच, ती स्वतःला म्हणाली. त्या दिवशी दुकानात तिने एका म्हाताऱ्या बाईंना दोनदा चुकीचं भिंग लावून दिलं, आणि दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "छान दिसतंय हो."

३

जखमांच्या दवाखान्यातल्या सिस्टर बोलायला फटकळ आणि हाताला हलक्या होत्या. त्यांनी पट्टी सोडली, जखम धुतली, चष्मा नाकावर खाली घेऊन बराच वेळ बघितलं.

"काका, काय जादू केलीत? कडा किती छान गुलाबी झाल्यात. खाजवणं बंद केलंत वाटतं."

"मी नाही खाजवत."

"मग शाबासकी लेकीला." सिस्टर बारकीकडे वळल्या. "बाजूची कातडी कोरडी पडू देऊ नका, मलम लावत जा. पट्टीतून ओल सुटली तर लगेच बदला. नखं कापलेली ठेवा. फारच खाज आली तर वरून गार फडकं ठेवायचं, नाहीतर हलकं थोपटायचं. हे असंच चाललं तर लवकरच जखम बुजेल."

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. आई असती तर, असंही मनात आलं. तिने अप्पांकडे बघितलं, तर अप्पांचा चेहरा उतरलेला. एखाद्याला घर खाली करायला सांगावं तसा.

परत येताना टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "बारके, जखम बुजली की खाज जाते ना?"

"जाते की. बुजताना थोडी असते, मग हळूहळू जाते."

"कायमची?"

"कायमची," बारकी आनंदाने म्हणाली, आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्या आनंदात तिला दुसरं काही दिसलं नाही.

४

जखम खरंच बुजत चालली. पट्टीचं टोक आता चिकटपट्टीने लावलेलं तसंच राहू लागलं. पलीकडच्या खोलीतून आवाज येईनासा झाला. बारकीला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. फक्त भांडी विसळताना ती अधूनमधून नळ बंद करून उगीचच थांबायची.

अप्पा चिडचिडे झाले. जेवणावरून कुरकुर, चहावरून कुरकुर. मग एका दुपारी तिने कुलूप उघडलं, तर घरात लोखंडासारखा वास होता. अप्पा पलंगाच्या काठावर बसले होते. पट्टी सुटून फरशीवर पडलेली. हातात फूटपट्टी, तिचं टोक लाल. जखम होती त्याहून मोठी झाली होती. नवी गुलाबी कातडी सगळी खरवडून निघाली होती. ते घामाने थबथबले होते, पण चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. ते दाराकडे बघत होते, आणि दारात बारकीला बघून त्यांची निराशा झाली.

तिने जखम धुतली. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "का केलंत असं?"

"खाज सुटत नव्हती."

"सुटत नव्हती म्हणून खाजवलंत?"

"खाज नसली तर ती येणार कशाला?" अप्पा म्हणाले. अगदी साधेपणाने. मग पुढे बोलू लागले. "त्या दिवशी तिचा हात थांबला ना, मला वाटलं, डुलकी लागली असेल. मी म्हटलं, अगं थांबू नकोस, अजून खाजतंय. डोळे मिटूनच म्हटलं. तिने कधी माझा शब्द मोडलाय का? ती नाही थांबलेली, बारके. मध्ये ती येत नव्हती ते जखम बुजत होती म्हणून. घरात काम नसलं की ती कारखान्यात जाऊन बसायची, तशीच आहे ती. हात रिकामा नाही राहत तिचा."

"अप्पा, आई गेली."

"मी कुठे म्हणतो नाही गेली?"

बारकीने फूटपट्टी उचलून कपाटात टाकली, कात्री, सुया, चमचेसुद्धा वर ठेवले. जाताना त्यांच्या दोन्ही हातांवर मऊ पायमोजे चढवून मनगटाला बांधले. अप्पांनी हात पुढे केले, मुकाट, लहान मुलाने स्वेटर घालून घ्यावा तसे. कुलूप लावताना तिला आतून आवाज आला. ती जिन्यात उभी राहिली, कान दाराला लावून. थप, थप, थप. घाईघाईने, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसासारखं. आणि मध्येच अप्पांचं हलकं हसू.

तिने दार उघडलं नाही. उघडलं तर स्टुलावर कुणीतरी असेल किंवा कुणीच नसेल, आणि त्यातलं कुठलं तिला नको होतं हे तिला ठरवता येईना.

५

उसवलेली जखम यावेळी सांधली नाही. पायाला सूज चढली, ताप आला, पट्टीला असा वास येऊ लागला की बारकी तोंडाला ओढणी बांधून बसे. मोठ्या इस्पितळात सर्जनने बोट लावून दाखवलं, इथपर्यंत गेलंय, हाडात उतरलंय. पाय ठेवला तर माणूस राहणार नाही.

"गुडघ्याखाली कापावा लागेल," तो म्हणाला.

"किती इंच?" अप्पांनी विचारलं, आणि सर्जन गोंधळलेला बघून म्हणाले, "तुम्ही कापा हो. मला फक्त माप चुकलेलं आवडत नाही." नंतर बारकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "तिला कुणीतरी सांगायला हवं."

ते घरी आले तेव्हा पलंगाचा अर्धा पायथा सपाट होता. टाके छान सुकले. सिस्टर बघायला आल्या, समाधानाने मान हलवून गेल्या. आणि मग खाज परत आली.

नसलेल्या पायाला. त्याच जागी, घोट्याच्या वर, आतल्या बाजूला. अप्पा उशीवर डोकं इकडून तिकडे घुसळत. खाजवायला काही नव्हतं, थोपटायला काही नव्हतं, गार फडकं ठेवायला जागा नव्हती. बारकीने सिस्टरांना फोन लावला.

"होतं असं," त्या म्हणाल्या. "पाय गेलाय हे डोक्याला कळायला वेळ लागतो. धीर धरा. गोळ्या चालू ठेवा."

बारकी धीर धरी. रिकाम्या चादरीवर, अप्पा बोटाने दाखवत त्या जागी, ती तळहाताने थोपटत बसे. स्वतःला खुळी समजत, पण थोपटे.

"तुझा हात नाही पोचत गं," अप्पा म्हणत. रागावून नव्हे, कुणाला दुखवू नये अशा स्वरात. मग डोळे मिटून विचारत, "ती आली होती का? मघाशी माझा डोळा लागला होता."

"नाही, अप्पा."

"नाहीच येणार. पाय नाही म्हटल्यावर ती कुठे शोधणार?"

६

त्या दुपारी उन्हं खिडकीच्या कठड्यापर्यंत आली होती. पंखा बंद होता, कारण अप्पांना वारा सोसत नव्हता. जेवणं झाल्यावर त्यांना खाजेची उबळ आली. बारकी पलंगाच्या काठाशी बसून होती. थोपटून थोपटून तिचा हात भरून आला, म्हणून तिने तो क्षणभर मांडीवर घेतला.

रिकामी चादर दबली.

तळहाताएवढीच. दबली आणि वर आली. अप्पांचा घोटा असता, तिथे. मग जरा वर, पोटरीच्या जागी. मग खाली. मग एकदम बाजूला, भिंतीकडे. त्यात ताल नव्हता. वीज गेली की माणूस फळीवर काडेपेटी चाचपतो, तसं ते चाललं होतं.

बारकीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला. खिडकी बंद होती. चादर दबली, तिच्यापासून वीतभर अंतरावर, आणि त्या खळग्यात बोटांच्या जागा वेगवेगळ्या दिसल्या. मग तो खळगाही भरून आला.

"अप्पा," ती म्हणाली. "खाज थांबली का?"

"नाही गं." अप्पांनी डोळे उघडले. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिची नजर होती तिकडे. "आलीय?"

"आलीय."

"मग?"

"शोधतेय."

अप्पांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळलं. "सांग तिला," ते म्हणाले. "पाय नाही म्हणून सांग. नाहीतर ती शोधतच बसेल. तिचा स्वभाव तुला माहीत नाही."

बारकीने तोंड उघडलं. 'आई' एवढा शब्द ओठांपर्यंत आला आणि पुढचं काही येईना. जिवंतपणी आईला कधी एक कप फुटल्याचंही तिने तोंडावर सांगितलं नव्हतं. चादर आता पलंगाच्या काठापर्यंत चाचपली जात होती, भरभर, काकुळतीने.

मग बारकीने आपला डावा पाय उचलून पलंगावर घेतला. कपडा गुडघ्यापर्यंत सारला, आणि अप्पांचा पाय असता तिथे तो लांब करून ठेवला.

हात आला. तो गार नव्हता, ऊनही नव्हता. अंगठ्याच्या टोकाला सुईने घट्टा पडलेला होता. तो नडगीवर टेकला, थांबला आणि थोपटू लागला. थप, थप, थप. कळती झाल्यापासून बारकीला आईने असं थोपटलं नव्हतं. आईचे हात कारखान्याचे होते, मग अप्पांच्या पायाचे. तिला आत कुठेतरी हुंदका आला आणि तिने तो गिळला, कारण पाय हलला असता.

"मिळाला का तिला?" अप्पांनी विचारलं. त्यांचा श्वास सैल पडत होता.

हात फिरू लागला. थोपटता थोपटता कड शोधत होता. घोट्याभोवती, मागे, पुन्हा पुढे. सगळीकडे कातडी सपाट, सलग. त्याला जिथे थांबायची सवय होती ती जागाच नव्हती. बोटं एकदा पुन्हा सावकाश फिरली, खात्री करून घेतल्यासारखी, आणि उचलली गेली.

अप्पा कण्हले. डोकं पुन्हा उशीवर घुसळू लागलं. चादर आता कुठेच दबत नव्हती. खोलीत कुणी उठून जायला निघाल्यासारखी पोकळी झाली, दाराकडे सरकणारी.

बारकी वाकली. तिने आपल्या नडगीवर नख ठेवलं आणि ओढलं. पुन्हा ओढलं, जोर लावून, त्याच जागी, कातडी फाटेपर्यंत.

"मिळतोय, अप्पा," ती म्हणाली. "जरा दम धरा."

पोकळी जागच्या जागी थांबली. काही वेळ काहीच झालं नाही. मग त्या लाल रेघेच्या अगदी कडेला, नेमका, तळहात येऊन टेकला.

अप्पांनी मोठा निःश्वास सोडला. "हं," ते म्हणाले. "आता बरं वाटतंय." आणि बघता बघता ते झोपले.

दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. बारकी पाय न हलवता बसून राहिली. रेघ फार बारीक होती. उद्यापर्यंत भरून जाईल, एवढंच तिच्या मनात आलं.